रिकामं भांडं न घेणारा

सन १९९८. माझं वय तेव्हा सत्तावन्न. म्हणजे आईच्या सांगण्यावरून सत्तावन्न, शाळेच्या दाखल्यावरून पंचावन्न. पण दुसरीनंतर मी शाळेकडे फिरकलो नाही, तेव्हा दाखल्यापेक्षा आईचं खरं धरायचं. त्या वर्षी ज्येष्ठात, पालापाचोळा जाळून रोपाचा राब तयार असताना, माझ्या चुलीपाशी एक परकं पितळी भांडं आलं. ते ज्यानं आणलं त्याच्याबद्दल सांगतोय. तो मला कधी आवडला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याच्यावर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आणि आता विचाराल तर... आता कोणी विचारत नाही.

त्याचं नाव आमच्या गावात कोणाला धड ठाऊक नव्हतं. पोरं त्याला ‘एवढंचबाबा’ म्हणायची. का, ते पुढं येईल. आटगावला गाडीतून उतरायचा आणि तिथून मिळेल त्या टेम्पोनं, नाही मिळाला तर पायी, वाड्या-पाडे घेत घेत किन्हवलीकडे यायचा. दोन्ही खांद्यांना भांड्यांची बोचकी. तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. पितळेवर पितळ आपटल्याचा आवाज आला की कुत्री भुंकायला लागायची आणि बाया घराघरात हंड्यामागची, फळीवरची त्याची भांडी हुडकायला लागायच्या. अंगात पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला, कितीही ऊन असो. पायात मोजे आणि मोज्यांवर रबरी चप्पल. ज्याला पायात काय घालायचं ते एक ठरवता येत नाही, त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

त्याचं काम असं. कल्याण-डोंबिवलीच्या इमारतींतून तो जुनी पितळी भांडी जमवायचा. सासू वारली, सुनेला स्टीलची पायजेत, की माळ्यावरची भांडी याच्या बोचक्यात. त्यांत तांदूळ भरायचा, कधी डाळ, कधी तेलाची बाटली उभी करून बाजूनं साखर. झाकण सुतळीनं बांधायचा आणि ज्या घराची चूल थंड पडत चालली आहे त्या घरी नेऊन ठेवायचा. ते घर त्याला कसं कळायचं, हे मला अजून कळलेलं नाही. संस्था म्हणावी तर पाटी नाही, पावती नाही, दुसरा माणूस नाही. एकटाच संस्था.

पुढच्या खेपेला भांडं परत न्यायला यायचा. खरी गोम तिथं होती. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायची रीत नाही. काही नसेल तर दोन मिरच्या घाला, गुळाचा खडा घाला, पण तळ उघडा दिसता कामा नये. ही आमची आपसातली गोष्ट. हा बाहेरचा माणूस, पण त्यानं ती हेरली आणि वसुलीला लावली, असं मला वाटायचं. रिकामं भांडं तो हातातच घ्यायचा नाही. झाकण उघडायचा, आत बघायचा आणि म्हणायचा, “एवढंच?”

चिंचेचा गोळा असो, हिरडे असोत, शिंदीची केरसुणी आडवी घातलेली असो. “एवढंच?”

एकदा आमच्या शेजारणीनं भांडं काठोकाठ वालांनी भरून दिलं. त्यावरही “एवढंच?” ती भडकली. “भांड्यात मावतं तेवढंच घालनार ना! का वर कळस चढवू?”

“चढवायचा होतास,” म्हणाला आणि निघाला.

बसायचा कुठं, तर उंबऱ्यावर. खाट दिली तर नको, पाट दिला तर नको. माझी बायको एकदा म्हणाली, “भाऊ, उंबऱ्यावर बसू नाय. घराला बरं नसतं.”

“म्हणूनच बसतो,” तो म्हणाला. “आत बसलो तर पाहुणा, बाहेर बसलो तर भिकारी. मला दोन्ही व्हायचं नाही.”

चहा घ्यायचा नाही. पाणी मागायचा आणि पिऊन झालं की नावं ठेवायचा, मचूळ आहे, धुराचा वास येतो. एखाद्या म्हातारीनं हात जोडले तर अंगावर यायचा. “हात खाली! हात भांडं धरायला असतात. पुन्हा जोडलेस तर तांदूळ परत नेईन.” आणि खरंच एकीचं भांडं अंगणाच्या टोकापर्यंत नेलं होतं त्यानं. ती शिव्या देत मागं धावली तेव्हा खूश होऊन परत दिलं.

आता मला सांगा, असा माणूस कोण असतो? आमच्या गावात चार मतं होती आणि त्यातली तीन माझी.

पहिलं म्हणजे भांडी चोरीची. प्रत्येक भांड्यावर कोणाचं ना कोणाचं नाव कोरलेलं. दुसरं, याचा डोळा मतांवर. पण निवडणूक आली आणि गेली, हा कोणाचा झेंडा घेऊन आला नाही, तेव्हा ते सोडावं लागलं. तिसरं, डोळा जमिनीवर. हे माझं ठाम होतं. त्या वर्षांत शहापूर-मुरबाडाकडे कोण कोण येत होतं. बंगल्याला जागा पायजे म्हणणारे, गाडीतून उतरून आमची माती मुठीत घेऊन वास घेणारे, म्हाताऱ्यांना ‘काका, काका’ करणारे. आधी गोड बोलणं, मग एखादी मदत, मग कागद, मग अंगठा. माझ्या चुलत्याच्या घरात हेच झालं. तेव्हापासून कोणी हसत दारात आला की मी आधी त्याच्या काखेत कागद आहे का बघतो.

याच्या काखेत कागद नव्हता आणि हा हसतही नव्हता. म्हणून तर संशय जास्त. चौथं मत बायांचं, की माणूस बरा आहे, ते मी धरत नव्हतो.

दुसऱ्या संस्था यायच्या त्यांचं मला समजायचं. एकदा शहरातलं एक मंडळ शाळेच्या मैदानावर कांबळी वाटायला आलं. मोठा कापडी फलक, खुर्च्या, आम्ही रांगेत. कांबळीवर कोपऱ्यात मंडळाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत की पांघरली तर ते नाव नेमकं छातीवर यायचं. फोटोवाला मला म्हणाला, “आजोबा, हसा. दात दाखवा.”

मी म्हटलं, “बैल घेतोस का काय? दात कशाला बघायचे?”

कांबळ घेतली, दात दाखवले नाहीत. पण ती माणसं मला बरी वाटली. त्यांनी काय दिलं ते दिसत होतं आणि काय नेलं तेही दिसत होतं. फोटो नेला. हिशेब मिटला. हा मोजेवाला काय नेतो? दोन मिरच्या? दोन मिरच्यांसाठी कोण आटगावपासून चालत येतो?

मी त्याला पकडला, तो म्हशाच्या, म्हणजे मुरबाडकडच्या म्हसा गावच्या, जत्रेत. अठ्ठ्याण्णव सालच्याच जानेवारीत, पौषात. बैल बघायला गेलो होतो, घ्यायचे नव्हते, पण बघायला काय जातं. घोंगड्यांच्या दुकानांच्या कडेला पोतं अंथरून हा बसलेला. पोत्यावर चिंचेचे गोळे, हिरडे, वाल, केरसुण्या. आमच्या बायांनी घातलेल्या! आमच्या शेजारणीच्या केरसुणीची मूठ मी कुठंही ओळखीन, ती लाल चिंधीनं बांधते.

“हे काय?” मी समोर उभा राहिलो.

“चिंच,” तो म्हणाला. “घ्यायची आहे? आंबट आहे. तुझ्याच गावची.”

“गरिबांनी दिलेलं विकून खातोस?”

“विकतो. खात नाही. मला आंबट सोसत नाही.”

“आनि वर तोंड करून सांगतोस!”

“मग काय पूजा मांडू या चिंचेची?” तो म्हणाला. “तुझ्या गावची चिंच इथं विकतो, त्याचा तांदूळ पलीकडच्या वाडीला जातो. त्या वाडीचे हिरडे विकतो, तो तांदूळ तुझ्या गावाला येतो. शहरातल्या बायका देतात ती वरची भर. तांदूळ काय आभाळातून पडतो असं वाटलं तुला?”

“म्हंजे आमच्याच चिंचेवर आमाला दानधर्म!”

“दानधर्म कोण म्हणालं?” असा ओरडला की शेजारचा घोंगडीवाला उठून उभा राहिला. “तो शब्द माझ्या पोत्यासमोर काढायचा नाही. चिंच घ्यायची तर घे, नाहीतर बाजूला हो, गिऱ्हाईक अडतंय.”

पकडला गेलेला माणूस लाजतो. हा लाजला नाही. न लाजणारा एक तर चोर नसतो, नाहीतर फार मोठा चोर असतो. मी घरी येताना दुसरं धरून आलो, आणि गावात तसंच सांगितलं.

त्यानंतर होळी झाली आणि माझा मुलगा पडला. भिवंडीकडे एका गोडाऊनवर पत्रे बसवायला जात होता, पत्र्यावरून खाली आला. मांडीचं हाड मोडलं. आधी इस्पितळ, मग घरी खाटेवर, मांडीपासून पायापर्यंत प्लास्टर. त्या खर्चात बैलजोडी गेली. कणगीतलं भात वैशाखातच तळाला लागलं. घरात मी, बायको, सून, दोन नातवंडं आणि खाटेवर तो. सून मिळेल तिथं मजुरीला जायची, बायको रानातून भाजी आणायची. आम्ही उपाशी होतो असं नाही. दिवसातून एकदा जेवत होतो, आणि तो काही गुन्हा नाही. शेजारणीनं एकदा टोपात कण्या पाठवल्या. मी तिचा टोप जसाच्या तसा परत पाठवला, कण्यांवर आमच्या घरातला शेवटचा गुळाचा खडा ठेवून. ती आठ दिवस बोलली नाही.

एक मात्र शाबूत होतं. आढ्याला टांगलेला बियाण्याचा मुडा. पेंढ्यात गच्च बांधलेलं आमचं घरचं लाल भात, माझ्या बापाच्या हातचं, त्याच्या बापाकडून आलेलं. घरात काहीही होवो, मुड्याला हात लावायचा नाही. बी खाल्लं तर पुढच्या वर्षी माणसानं कोणाच्या दारात उभं राहायचं?

तर ज्येष्ठातल्या त्या दिवशी मी राबावरून घरी आलो, आणि दारातच भाताचा वास. चुलीवर टोप रटरटतोय आणि बाजूला पितळी भांडं. मी ते उचलून उजेडात नेलं. अक्षर अक्षर लावत वाचलं. ‘सौ. इंदू हिस मावशीकडून.’

“कोण ही इंदू?” मी विचारलं. “कोणाची मावशी? हिचं भांडं माझ्या घरात कशाला?”

 सून चुलीपुढून उठली. त्या पोरीनं लग्न होऊन आल्यापासून मला उलट उत्तर दिलं नव्हतं.

“मी घेतलं, बाबा,” ती म्हणाली. “पोरं झोपतात ती भुकेनं झोपतात. तुमाला राग येत असंल तर येऊ द्या. भात खाली उतरवते मी.”

मी जेवलो. शिजलेलं अन्न टाकायचं नसतं, त्यात मानपान नाही. पण हात धुताना माझ्या डोक्यात एकच होतं: तो येणार. झाकण उघडणार. माझ्या घराच्या भांड्यात बघणार.

“काय घालायचं त्यात?” मी बायकोला विचारलं.

“बघू काय तरी. कुरडूची भाजी हाय थोडी.”

“पाला घालून देऊ? शेळीचं घर हाय का हे?”

“मग मिरच्या घाला दोन. सगळी घालतात.”

“सगळी घालतात म्हनून मी नाय घालनार.” गावात सगळ्यांपुढे मी त्याला मोठा चोर म्हटलं होतं. त्या माणसाच्या तोंडून, माझ्या उंबऱ्यावर बसून, “एवढंच?” ऐकायचं? ते मला मान्य नव्हतं. आजही नाही.

मी फळीवर चढलो आणि मुडा खाली काढला.

बायको आडवी आली. “बी हाय ते!”

“माहीत हाय.”

“डोकं फिरलं का तुमचं? पेरायचं काय?”

“बाजूला हो गो.”

पेंढा सोडून मी इंदूचं भांडं लाल भातानं भरलं. काठोकाठ, आणि वर कळस. मुड्यात उरला तो नुसता पेंढा. खाटेवरून मुलगा बघत होता. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. बायकोनं कपाळावर हात मारला आणि मागच्या दारानं निघून गेली.

दोन दिवसांनी पितळेचा आवाज आला. हा येऊन उंबऱ्यावर बसला. भांडं मी माझ्या हातानं पुढं केलं. त्यानं झाकण उघडलं. मी वाट बघत राहिलो. म्हणतो का बघू. आता म्हण की!

त्यानं एक दाणा उचलून दाताखाली फोडला. मान वर करून आढ्याकडे बघितलं, जिथं मुड्याची दोरी नुसतीच लोंबत होती. मग माझ्याकडे बघितलं. झाकण लावलं, सुतळीचे दोन वेढे दिले, भांडं बोचक्यात घातलं आणि उठला. पाणीसुद्धा मागितलं नाही.

“काय म्हनाला?” बायकोनं आतून विचारलं.

“काय नाय.”

“काय नाय म्हंजे?”

“गप बसला.”

“मग मेलो आपन,” ती म्हणाली. “बी गेलं.”

सगळ्या गावाची धुळवाफ चालू झाली. कोरड्या मातीतच बी टाकायचं, पाऊस येईल तेव्हा येईल. माझ्या राबावर कोंबड्या उकरत होत्या. येणारा-जाणारा विचारायचा, “काय, यंदा बी टाकायचा इचार नाय का?” मी सांगायचो, “दिस बघतोय.” आणि मनात म्हणायचो, घेतलं! बी आहे हे कळूनही घेतलं त्यानं. मुरबाडला नेऊन भरडायला टाकलं असणार. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, अरे, हे काय करतोस. हा ‘एवढंच’ पण म्हणाला नाही!

शेवटी एका दुपारी किन्हवलीला गेलो. मागायला नाही. बघायला. पिठाच्या गिरणीमागं त्याची भाड्याची खोली होती. आत फळ्यांवर भांडीच भांडी, आणि हा मधे बसून चिंच लावून पितळ घासत होता. आमचीच चिंच.

“काय पाहिजे?” तो म्हणाला.

“काय नाय.”

“काही नाही म्हणून एवढ्या उन्हात चालत आलास?”

“बघायला आलो.”

“काय बघायला?”

“तू चोर हायस का नाय ते.”

त्यानं घासायचं थांबवलं. “मग?”

“अजून ठरलं नाय.”

“ठरलं की कळव. मलाही बरेच दिवस ठरवायचंय.”

इंदूचं भांडं वरच्या फळीवर पालथं घातलेलं होतं. घासून लख्ख. म्हणजे रिकामं. माझी नजर तिकडे गेली ते त्यानं बघितलं.

“विचार की,” तो म्हणाला.

“काय इचारू?”

“जे विचारायला आलास ते.”

“मला काय इचारायचं नाय.”

“मग मलाही काही सांगायचं नाही.” त्यानं मला पाणी दिलं. मी प्यालो आणि सांगितलं, मचूळ हाय. त्यावर तो पहिल्यांदा हसला असेल, मला नीट दिसलं नाही, खोलीत अंधार होता. मी उठल्यावर म्हणाला, “लाल होतं ना रे ते?”

“घरचं हाय,” मी म्हटलं. “माझ्या बापाचं.”

“हं,” म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला.

दोन-चार दिवस गेले असतील. दिवेलागणीला पितळेचा आवाज आला, पण नेहमीसारखा नाही. एकच भांडं, जड. मोठा पितळी डबा होता. तो उंबऱ्यावर ठेवून हा बाजूला बसला आणि धापा टाकायला लागला.

“हे घे.”

“काय हाय?”

“भात. बियाण्याचं.”

“दिलेलं परत घेत नाय मी.”

“परत कोण देतंय? तुझं म्हशाच्या बाजूला एका बाईला दिलं. तिनं भांड्यात तिचं घातलं. रिकामं भांडं ती तरी कशी देईल? घरचं आहे, तिच्या घरचं. बी बदललं की पीक चांगलं येतं म्हणतात, मला काय कळतंय.”

ते खरं आहे. गावोगावी बी बदलतात, आमचा बापही बदलायचा. पण मी असा सोडणार नव्हतो.

“नाव काय तिचं?”

“मी नावं विचारत नाही.”

“गाव?”

“म्हशाच्या अलीकडे.”

“अलीकडं म्हंजे कुठं?”

“पलीकडे नाही.”

बायको माझ्या मागं उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हटलं, “बदलीचं हाय तर घेतो.”

“बदलीचंच आहे,” तो म्हणाला. “भांडं सकाळी नेतो. गाडी गेली, आता देवळात आडवा होतो.” आणि मारुतीच्या देवळाकडे गेला.

मी डबा सुपात ओतला आणि दिवा जवळ घेतला. भातात राख मिसळलेली होती, निरगुडीचा पाला होता, कीड लागू नये म्हणून आम्ही घालतो तसा. सगळं बरोबर. फक्त पाला हिरवा होता. मुडे आम्ही दिवाळीनंतर बांधतो. ज्येष्ठापर्यंत त्यातल्या पाल्याचा हात लावताच भुगा होतो. हा पाला त्या दिवशी सकाळी तोडलेला होता. राखेत कागदाचे काळे पापुद्रे. आणि तळाशी, दाण्यांत गुंतलेला, निळा-पांढरा जाड दोरा. दुकानातल्या बियाण्याची पिशवी ज्यानं शिवलेली असते ना, तो.

“काय हाय?” बायकोनं विचारलं.

“काय नाय. दोरा.”

“कसला?”

“दोऱ्यासारखा दोरा,” म्हटलं आणि टोपीत खोचला.

आता मधेच पुढचं सांगून टाकतो. ते बी उगवलं आणि शेतात एका उंचीचं उभं राहिलं, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखं. घरचं बी असं उगवत नाही. घरच्या बियाण्यात एखादा उंच, एखादा बुटका, एखादा आडदांड असतोच. आणि त्याच आश्विनात मुरबाडला जाताना म्हशाच्या अलीकडे रस्त्याला लागून एक तुकडा दिसला. लाल कुसळांचं उंच भात. मी गाडी थांबवायला लावली, ड्रायव्हर शिव्या देत होता तरी उतरलो. एक बाई बांधावर गवत कापत होती.

“कुठलं बी गो हे?”

“एका म्हाताऱ्यानं दिलं. आमचं उंदरांनी खाल्लं व्हतं.”

“तू त्याला काय दिलंस?”

“घरात व्हतं काय तेव्हा? करवंदं घातली भांड्यात. तर काय म्हनतो मेला...”

“एवढंच?” मी म्हटलं.

ती विळा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. “तुमाला कसं ठावं?”

बी माझं, हे मी तिला सांगितलं नाही. दोन लोंब्या मागाव्या असं वाटलं, मागितल्या नाहीत. पुढच्या साली मात्र माझं बी घेऊन गेलो आणि तिच्याशी बदललं. बदली करणं म्हणजे मागणं नव्हे. आता आमच्या मुड्यात पुन्हा लालच असतं.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास तो येईनासा झाला. कोणी म्हणालं लेकीकडे गेला, कोणी म्हणालं भांड्यांच्या चोरीत धरला. हे दुसरं कोणी उठवलं ते मी शोधून काढलं आणि त्याच्याशी बोलणं सोडलं. चोर म्हणायचा तर मी म्हणीन, इतकी वर्षं पाळत मी ठेवली होती. त्याचं शेवटचं भांडं न्यायला तो आला नाही, ते आमच्या फळीवर आहे. त्यात वाल असतात. उगाच रिकामं कशाला ठेवायचं?

पण मला सांगायची होती ती त्या दिवेलागणीनंतरची सकाळ.

सकाळी उजाडताच मी राबावर गेलो आणि ते बी टाकलं. मूठ मूठ करून, सगळं. हा देवळातून उठून आला आणि मोज्यांसकट बांधावर उभा राहिला. मदत केली नाही, मी घेतली नसती. कोंबड्या मात्र हाकलल्या. घरी आलो तर बायकोनं डबा राखेनं घासून पालथा घातला होता. ती घरभर नजर फिरवत होती, फळीवर, चुलीमागं, डब्यात घालायला काही सापडतं का ते.

“राहू दे,” मी म्हटलं.

टोपीतून दोरा काढला, बोटाभोवती नीट गुंडाळला आणि डब्याच्या तळाशी ठेवला. झाकण लावलं. वरून सुतळीचे दोन वेढे, त्यानं दिले होते तसेच. नेऊन त्याच्या हातात दिला.

त्यानं उंबऱ्यावर बसून सुतळी सोडली. झाकण उघडलं. आत बघितलं. मग दोरा उचलला, शर्टाच्या खिशात घातला आणि खिशाचं बटण लावलं.

“एवढंच?” तो म्हणाला.

“एवढंच,” मी म्हटलं. “घरचं हाय.”